पूर ओसरल्यावरचे पहिले पंधरा दिवस



एकलहऱ्याच्या काठाला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. "गंगेला पाणी आलंय" एवढं कानावर पडलं की काठावरचा शेतकरी आधी मोटार आणि स्टार्टर वर काढतो, मग जनावरं सोडतो आणि शेवटी स्वतःच्या जेवणाचं बघतो. पाणी कसं चुकवायचं हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवलं. पाणी ओसरल्यावर झालेलं नुकसान कागदावर कसं आणायचं हे मात्र कुणी शिकवलं नाही. आजचा लेख त्यासाठीच आहे.

4 ऑगस्ट 2019 चा पूर आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. नाशकात दुतोंड्या मारुती बुडाला आणि खाली चांदोरी-सायखेड्यात घरादारांत पाणी शिरलं. त्या पुरात एकलहरे शिवारातल्या आपल्या एका सभासदाचा सुरू ऊस दोन दिवस शेंड्यापर्यंत पाण्यात होता. पाणी उतरलं, चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. बांधावर उभं राहून ते म्हणाले, "अण्णा, ऊस तर उभा आहे. हिरवा दिसतोय." अण्णा म्हणाले, "साहेब, वरून हिरवा आहे. पोंग्यात गाळ बसलाय, आतून गेलाय तो." पण डोळ्यांना दिसलं तेच कागदावर आलं. नुकसान निकषाच्या खाली लिहिलं गेलं आणि मदतीच्या यादीत अण्णांचं नाव आलंच नाही. पुढे पोंगे कुजले, पांगशा फुटल्या, कांड्यांवर मुळ्या सुटल्या. तोडणीला टनेज निम्म्यावर आलं.

यात पंचनामा करणाऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. एका माणसाकडे चार-पाच गावं, सगळीकडे चिखल, आणि वरून यादी लवकर पाठवा म्हणून तगादा. सोयाबीन सडलं, टोमॅटो झोपला, तर ते आठ दिवसांत दिसतं. उसाचं तसं नाही. उसाचं नुकसान उशिरा दिसतं आणि पंचनामा लवकर होतो. खरी अडचण ही आहे.

व्यवस्था कशी आहे

देशात आपत्तीचा स्वतंत्र कायदा झाला तो 2005 च्या डिसेंबरात. त्याआधी किल्लारीचा 1993 चा भूकंप, भूजचा 2001 चा भूकंप, 2004 ची त्सुनामी आणि 26 जुलै 2005 ची मुंबईची अतिवृष्टी, एवढं सगळं होऊन गेलं होतं. या कायद्याने देशाचं प्राधिकरण पंतप्रधानांच्या, राज्याचं मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्ह्याचं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आणलं. जिल्हा प्राधिकरणात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. सुटकेसाठी राष्ट्रीय दल उभं राहिलं, त्याची एक बटालियन पुण्याजवळ आहे. म्हणजे पाण्यातून माणूस काढायची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली. नुकसान मोजायची सोय तेवढी सुधारली नाही.

मदतीचा निकष सभासदांनी नीट समजून घ्यावा. 2015 पूर्वी पिकाचं नुकसान 50 टक्के असावं लागे, त्या वर्षी ती अट 33 टक्क्यांवर आली. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा होता. शेतात तीन इंचांपेक्षा जाड गाळ बसला तर तो काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपये वेगळे होते. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून चालू निकष तलाठी कार्यालयात विचारून घ्यावेत. पण धडा बदलत नाही. गाळ मोजण्याआधी नांगर घातला तर तीन इंचांचा पुरावा मातीत गेला.

दिल्लीने एक गोष्ट शिकली

पूर्वी राज्याचं निवेदन जाई, मग केंद्राचं पथक येई. तोवर पाणी आटलेलं, शेतं नांगरलेली. ऑगस्ट 2019 मध्ये, म्हणजे आपल्याकडे आणि सांगली-कोल्हापूरकडे पूर आला त्याच महिन्यात, केंद्राने ठरवलं की मोठी आपत्ती आली की पथकाने निवेदनाची वाट न पाहता लगेच जावं आणि निवेदन आल्यावर पुन्हा एकदा जावं. एकदा ताजं बघायला, एकदा पक्कं मोजायला. आम्ही म्हणतो, जी गोष्ट दिल्लीच्या पथकाला पटली ती एकलहऱ्याच्या उसाला का लागू नये? उसाची पाहणी दोनदा व्हावी. पहिली पाणी ओसरताच, दुसरी पंधरा दिवसांनी, पोंगा चिरून.

आपल्या हातात काय आहे

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातलं आधी करू. अण्णांच्या वेळी आमचीही चूक झाली, ती इथे कबूल करतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर, सगळं आपल्या ऊस नोंदणीच्या वहीत होतं. चिटबॉयने तो ऊस डोळ्यांनी पाहिला होता. पण ती वही कारखान्याच्या कपाटात आणि पंचनामा बांधावर. दोघांची गाठच पडली नाही.

म्हणून आमच्या सूचना अशा. एक, ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर आपणच मोबाइलवर करायची आहे, ती वेळेत करावी. सातबाऱ्यावर पड लिहिलेली असेल तर उभ्या उसाचा पंचनामा अडतो. दोन, सातबारा, पीक पाहणी आणि कारखान्याची नोंद या तिन्हींत क्षेत्र एकच आहे का, हे पावसाळ्याआधी पाहावं. तीन, पाणी ओसरताच बांध, गट नंबर आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, गाळात काठी रोवून जाडी मोजावी. चार, पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. "पीक उभे, पोंग्यात गाळ, पुन्हा पाहणी आवश्यक" एवढं लिहून मागावं. पाच, पुराच्या काळात जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावा. गंगापूरचा विसर्ग किती क्युसेक हे फोनवर कळतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हे मुलांनाही सांगावं.

आणि सहावी सूचना शेतकी खात्याला. पूर आला की नदीकाठच्या नोंदी गावनिहाय काढून दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत द्याव्यात आणि पंचनाम्याच्या वेळी चिटबॉयने बांधावर हजर राहावं. कायद्याची प्राधिकरणं जिल्ह्यापर्यंत आली आहेत. जिल्ह्यापासून बांधापर्यंतचं अंतर सहकारानेच भरून काढायचं आहे.

परवा अण्णा गट ऑफिसात आले होते. या वर्षीची लागण नोंदवली आणि जाताना म्हणाले, "वही कपाटात ठेवू नका बरं का." आम्ही ते लिहून ठेवलं आहे.