उत्तरतालिकेतील चूक कोणाची, भुर्दंड कोणाला?

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातील एखादी विद्यार्थिनी विरारमार्गे परीक्षा केंद्र गाठून एमएचटी-सीईटी देते. काही दिवसांनी संकेतस्थळावर उत्तरतालिका प्रसिद्ध होते. त्यातील दोन उत्तरे पाठ्यपुस्तकाशी जुळत नाहीत, असे तिच्या ध्यानात येते. हरकत नोंदवायची तर प्रश्नामागे एक हजार रुपये मोजावे लागतात. २०२५ मध्ये हाच दर होता आणि ही रक्कम परत मिळणारी नव्हती. आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री असली, तरी दोन हजार रुपये भरायचे की गप्प बसायचे, हा प्रश्न घरात उभा राहतो.

अशी शंका निराधार म्हणता येत नाही. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चूक होऊ शकते, हे अशा वेळी यंत्रणेलाही मान्य करावे लागते.

हरकतींवर शुल्क का? उथळ हरकतींचा पूर येऊ नये, हे त्यामागचे कारण. ते समजण्याजोगे आहे. मात्र ‘नीट’ आणि ‘जेईई मेन’साठी प्रश्नामागे २०० रुपये आकारले गेले आहेत, तर केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत हरकत ग्राह्य ठरल्यास शुल्क परत करण्याची तरतूद आहे. म्हणजे शिस्त आणि न्याय यांची सांगड घालता येते.

हरकत फेटाळली गेल्यास न्यायालयाचा मार्ग उरतो. पण तो अरुंद आहे. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता (१९८३) या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी मूळ कसोटी घालून दिली. उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरावे. ती चुकीची ठरवायची तर त्या विषयातील कोणीही जाणकार ते उत्तर मान्य करणार नाही, इतकी चूक उघड असावी. त्या खटल्यात विद्यार्थी या कसोटीला उतरले. पुढे रणविजय सिंह खटल्यात (२०१७) न्यायालयाने स्पष्ट केले, की शंका राहिल्यास तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल.

२०२४ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती. या वेळी सरन्यायाधीशपदी यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. न्यायालयाने स्वतः उत्तर न ठरवता दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांचे मत मागवले. एकच पर्याय बरोबर ठरला आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. एका प्रश्नाचे मोल यावरून कळावे.

म्हणूनच विद्यार्थ्यांनी मुदतीतच हरकत नोंदवावी, पाठ्यपुस्तकाचे पान जोडावे आणि पावती जपून ठेवावी. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर न्यायालयात धावणे बहुधा उशिराचे ठरते.

हरकत खरी ठरली की सुधारित गुणांचा लाभ त्या प्रश्नाच्या सर्वच परीक्षार्थींना होतो. हजार रुपये मात्र हरकत घेणाऱ्याच्याच खिशातून जातात. चूक सिद्ध झाल्यावर तरी ते परत मिळावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.