गिअर केव्हा बदलावा? : कानाला कळणारी एक सूचना

काही वर्षांपूर्वी क्रीडास्पर्धा आटोपून परतताना आमच्या वसतिगृहाची जुनी मारुती ओम्नी भर रस्त्यात बंद पडली. दिवस मावळला होता, गाडीत सहा विद्यार्थिनी होत्या आणि आसनाखालच्या इंजिनातून वाफ येत होती. रेडिएटरमध्ये पाणी कमी होते. शिवाय घाट संपून सपाटी लागल्यावरही दुसरा गिअर तसाच राहिल्याने इंजिन बराच वेळ ताणले गेले होते. दोन्ही चुका आमच्याच होत्या. मुली सुखरूप पोहोचल्या, परंतु त्यांच्यापैकी एकीने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून गेला नाही : "सर, गिअर बदलायची वेळ झाली हे गाडीच का सांगत नाही?"

या प्रश्नातून आम्ही शिक्षक व विद्यार्थ्यांनी मिळून एक छोटे उपकरण तयार केले. त्याचे तत्त्व येथे मांडतो.

आमच्या ओम्नीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. तो असता, तरी रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहावे लागले असते. कान मात्र मोकळे असतात. म्हणून फेरे मोजून ठरावीक मर्यादेला बझर वाजवायचा, एवढेच काम.

फेरे मोजायचे कसे? चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते. ओम्नीला तीन सिलिंडर. म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या. मिनिटाला २००० फेरे होत असतील तर सेकंदाला ५० ठिणग्या पडतात, ३००० फेऱ्यांना ७५ आणि ४००० फेऱ्यांना १००. या ठिणग्यांचे स्पंद इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावर मिळतात. 'एलएम २९१७' ही आयसी स्पंदांच्या वेगाचे त्याच प्रमाणातील व्होल्टेजमध्ये रूपांतर करते. ते व्होल्टेज आपण ठरवलेल्या पातळीच्या वर गेले की तिच्यातीलच तुलनाकारक बझर सुरू करतो. पातळी कमी-जास्त करण्यासाठी एक फिरवता रोधक पुरतो.

पहिली आयसी आम्ही जाळली. कॉइलच्या त्या टोकावर क्षणभर शेकडो व्होल्टचे झटके येतात, हे आम्ही ध्यानात घेतले नव्हते. नंतर मधे मोठा रोधक व झेनर डायोड बसवला. वीजपुरवठा चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या तारेतून, फ्यूज लावून घेतला.

आता पातळी नेमकी कशी ठरवावी? येथे घरातील वीज उपयोगी पडली. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. लहान ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज कमी करून एका डायोडमधून नेले, की सेकंदाला ५० स्पंद मिळतात. चार डायोडांच्या पुलातून नेले, की १००. दोन्ही वेळी मोजलेल्या व्होल्टेजच्या बरोबर मध्यावर पातळी ठेवली, म्हणजे ७५ स्पंद, अर्थात ३००० फेरे. भिंतीवरच्या सॉकेटलाच अशी मोजपट्टी करता येते हे उमगले, तेव्हा विद्यार्थ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. मात्र हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या उपकरणाला चढ, उतार किंवा गाडीतील भार कळत नाही. घाट उतरताना खालचा गिअरच गाडीला आवरून धरतो. तेथे बझर वाजला म्हणून वरचा गिअर टाकणे जीवावर बेतेल. तेव्हा ब्रेकनेच वेग कमी करावा. फेरे फार कमी झाल्याने इंजिन धडधडू लागले, तर हा बझर गप्पच राहतो. खालचा गिअर टाकण्याचा निर्णय चालकाचाच. नव्या गाड्यांमध्ये तारा कापू नयेत. त्यांच्या निदान-सॉकेटमधून फेऱ्यांची संख्या थेट वाचता येते, आणि अनेक गाड्यांत गिअर बदलण्याची खूण पडद्यावर आधीच असते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची उपजीविका चाकांवर चालते. योग्य वेळी बदललेला गिअर इंधन वाचवतो, इंजिनाचे आयुष्य वाढवतो. परंतु आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते हे, की यंत्राची बंद पेटी उघडून तिला 'का?' असे विचारण्याचा अधिकार आपलाही आहे, हे आमच्या मुलींनी स्वतःच्या हातांनी अनुभवले. ओम्नीतील तो बझर अजून वाजतो आणि नवे चालक त्याला दाद देतात.