मंद क्रँकिंग

मंद क्रँकिंग म्हणजे मोटारगाडी सुरू करताना स्टार्टर मोटरने इंजिन नेहमीपेक्षा कमी वेगाने फिरवणे. बोलीभाषेत स्टार्टरला 'सेल्फ' म्हणतात. हा दोष आढळताच बॅटरी बदलण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु दोष तारांमध्ये किंवा त्यांच्या जोडांमध्ये असल्यास नव्या बॅटरीचा खर्च वाया जातो.

परिपथ

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार सॉलेनॉइडमार्गे स्टार्टरपर्यंत जाते. परतीचा प्रवाह इंजिनाचा धातूचा सांगाडा आणि अर्थिंगची पट्टी यांतून ऋण टोकाकडे येतो. सर्वसाधारण पेट्रोल गाडीचा स्टार्टर १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेतो, डिझेल गाडीचा त्याहून अधिक. इतक्या प्रवाहापुढे अत्यल्प रोधही महत्त्वाचा ठरतो. ओहमच्या नियमानुसार, गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असला, तरी १५० अँपिअर प्रवाहाला तेथे १.५ व्होल्टची घट होते. ५ अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी हीच घट ०.०५ व्होल्ट असते. त्यामुळे दिवे लखलखीत असले म्हणजे स्टार्टरचा मार्ग निर्दोष आहे, असे अनुमान काढता येत नाही.

निदान

तपासणीची सुरुवात बॅटरीपासूनच करतात, कारण दुबळ्या बॅटरीवर घेतलेली पुढील मापे दिशाभूल करतात. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी नुकतीच चालवली असल्यास हे माप फसवे, म्हणजे प्रत्यक्षाहून जास्त येते. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानात इंजिन फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली उतरल्यास बॅटरीची भार-चाचणी आवश्यक ठरते. थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि इंजिन तेलही दाट होते, म्हणून हा दोष हिवाळ्यातील पहाटे अधिक जाणवतो.

बॅटरी ठीक असल्यास व्होल्टेज-घट चाचणी घेतात. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधनपुरवठा किंवा प्रज्वलन बंद ठेवतात, गिअर न्यूट्रलमध्ये घेतात व हँडब्रेक ओढतात. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे स्टार्टरच्या जाड बोल्टवर टेकवून काही सेकंद स्टार्टर फिरवतात. घट ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास एकेक जोड स्वतंत्रपणे मोजतात. त्यात सॉलेनॉइडचे झिजलेले संपर्कही सापडतात. अर्थिंगच्या बाजूला, म्हणजे स्टार्टरचे कवच व ऋण खांब यांच्यामध्ये, ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट संशयास्पद मानली जाते.

स्टार्टर बंद असताना घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण प्रवाह नसेल तर घटही नसते. साध्या ओहममीटरचाही येथे उपयोग होत नाही: आतून तुटलेल्या तारेचे दोन-चार धागे शाबूत असले, तरी तो जवळजवळ शून्य रोध दाखवतो.

दोन्ही बाजू निर्दोष आढळल्यास क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजतात. प्रवाह जास्त पण वेग कमी असेल, तर स्टार्टरचे झिजलेले बुश, घासणारे आर्मेचर किंवा जड झालेले इंजिन हे कारण असू शकते. स्टार्टरला पुरेसे व्होल्टेज मिळूनही प्रवाह कमी असेल, तर झिजलेले ब्रश किंवा काजळलेला कॉम्युटेटर तपासतात.

गिअरबॉक्सच्या कामानंतर हा दोष उद्भवल्यास अर्थिंगची पट्टी प्रथम पाहावी. ती जोडायची राहून गेल्यास प्रवाह गिअर वा अ‍ॅक्सिलरेटरच्या धातूच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जळू शकते.