मिलानचा ३ नंबर

बचावपटूचं पोस्टर कोणी भिंतीवर लावत नाही. मी लावलं होतं, पावलो माल्दिनीचं!

जन्म मिलानचा, वडील चेझारे एसी मिलानचे कप्तान. पोरगा १६ व्या वर्षी, २० जानेवारी १९८५ला, उदिनेसेविरुद्ध बदली म्हणून उतरला तो थेट २००९ला थांबला. एकाच क्लबसाठी ९०२ सामने, ५ युरोपियन कप. चेझारेंनी १९६३ला वेम्बलीत कप उचलला, बरोबर ४० वर्षांनी मुलाने मँचेस्टरमध्ये.

मूळचा उजव्या पायाचा, पण नाव काढलं लेफ्ट बॅक म्हणून. घसरून टॅकल फारसं नाहीच. चेंडू येणार तिथे हा आधीच उभा. गंमत म्हणजे २००५च्या युरोपियन कप फायनलला आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, मी चहा घेऊन बसतोय तोवर पहिल्याच मिनिटाला गोल याचाच! (पुढे ३-० वरून काय झालं ते विचारू नका.)

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मात्र कट्टर चाहत्यांच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या. ते मला आजही पटत नाही.

निवृत्तीनंतर ४९ व्या वर्षी चक्क व्यावसायिक टेनिस स्पर्धेत दुहेरी खेळला. ६-१, ६-१ हरला. मग मिलानचा तांत्रिक संचालक. २०२२ला ११ वर्षांनी लीग आली, पुढच्याच वर्षी त्याला काढलं.

क्लबने ३ नंबर फक्त त्याच्या मुलांसाठी राखलाय. डॅनियल संघात आलाही, पण पठ्ठ्या निघाला आक्रमक खेळाडू. त्याने घातला २७!