कंठ, नाक आणि गुणसूत्र : पाळीव पोपटांतील नर-मादीची ओळख

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी वास्तू १८८६ मध्ये ‘लॉर्ड रे मार्केट’ या नावाने सुरू झाली, आणि आसपासच्या पेठांतील स्वयंपाकघरांना लागणाऱ्या भाजीपाल्याबरोबरच वाड्यांच्या पडव्यांत टांगलेल्या पिंजऱ्यांचा खुराकही, म्हणजे हिरवी मिरची, पेरू आणि डाळिंब, मंडईच्या गाळ्यांवरूनच घरोघर जात राहिला. त्या पिंजऱ्यांतील पक्षी बहुतेक घरांत ‘मिठू’ किंवा ‘राघू’ याच नावाने ओळखला जाई. तो नर आहे हे गृहीतच धरलेले असे आणि एखाद्या सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंडे सापडले, तरच त्या समजुतीला धक्का बसे. आज पिंजऱ्यातील पक्षी बदलला असला तरी प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर एका खुणेवर मिळत नाही. पक्ष्याची जात, वय आणि रंग या तीन गोष्टी आधी ठरवल्या, तरच खुणेला अर्थ येतो.

कंठाची खूण आणि तिची मर्यादा

महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या हिरव्या पोपटात, ज्याला पक्षीअभ्यासक ‘कीर’ म्हणतात, प्रौढ नराच्या गळ्याभोवती काळी आणि तिला लागून गुलाबी अशी कडी असते. या कडीला ‘कंठ’ म्हणतात. मादीच्या गळ्यावर असा ठसठशीत कंठ कधीच येत नाही. फार तर हिरव्याच रंगाची एक पुसट छटा दिसते. मात्र कंठ जन्मापासून नसतो. तो साधारण दीड वर्षानंतर उमटू लागतो आणि पूर्ण व्हायला तिसरे वर्ष उजाडते, तोपर्यंत नर आणि मादी दोन्ही सारखीच, बिनकंठाची दिसतात. म्हणजे कंठ असलेला पोपट निश्चितपणे नर असतो, पण कंठ नसलेला पोपट मादीच असेल असे वय कळल्याखेरीज म्हणता येत नाही.

हाच नियम थोड्या फरकाने त्याच्या नात्यातील इतर जातींनाही लागू पडतो. आकाराने बराच मोठा असलेल्या ‘करण’ किंवा ‘पहाडी’ पोपटाच्या खांद्यावर लाल डाग असतो. तो नर आणि मादी दोघांतही असल्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही, आणि तेथेही कंठच पाहावा लागतो. तोई पोपटात मात्र भेद अधिक ठळक आहे : प्रौढ नराचे डोके जांभळट गुलाबी असून खांद्यावर तांबडा ठिपका असतो, तर मादीचे डोके राखाडी, गळ्याभोवती पिवळसर पट्टा आणि खांदा मात्र बिनठिपक्याचा असतो.

या तिन्ही जाती भारतीय आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तरी हे संरक्षण कायम राहिले. त्यामुळे कंठावरून नर ओळखण्याचे कौशल्य आता झाडावरच्या थव्याकडे पाहतानाच वापरायचे आहे. घरात पाळण्याचा प्रश्न उरतो तो परदेशी मूळ असलेल्या जातींचा.

नाकाचा रंग

या परदेशी जातींत सर्वाधिक प्रचलित पक्षी म्हणजे बजरीगर. बाजारात त्याला सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हटले जाते, पण खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले आणि बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचा. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गोल्ड याने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये नेले आणि तेव्हापासून पिंजऱ्यातील पैदाशीतून त्याचे निळे, पिवळे, पांढरे असे असंख्य रंग तयार झाले.

बजरीगराच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती, मांसल आणि मेणचट पट्टी असते. पक्षी पाळणारे तिला नुसते ‘नाक’ म्हणतात. प्रौढ नराचे नाक निळे असते. मादीचे नाक विणीचा काळ नसताना फिकट, पांढरट किंवा बदामी दिसते आणि ती अंड्यावर येऊ लागली की तपकिरी, जाडसर व खरबरीत होते. हा बदल इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे, म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या रसायनामुळे घडतो.

पिल्लांत खरी फसगत होते. तीन-चार महिन्यांपर्यंत, म्हणजे पहिली पिसे गळेपर्यंत, पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकापर्यंत आलेल्या असतात. या वयात नराचे नाक एकसारखे गुलाबी-जांभळे असते, तर मादीचे फिकट निळसर असून नाकपुडीच्या छिद्राभोवती पांढरी कडा दिसते. निळ्या छटेला भुलून मादी पिल्लू नर म्हणून घरी येते ते याच टप्प्यावर. म्हणून नाकाच्या रंगापेक्षा छिद्राभोवतीची पांढरी कडा पाहणे अधिक भरवशाचे.

रंगाचा प्रश्न यानंतर येतो. लाल डोळ्यांचे पूर्ण पिवळे म्हणजे ल्युटिनो, पूर्ण पांढरे म्हणजे अल्बिनो, तसेच ठिपकेदार रंगांतील डॅनिश पाइड या प्रकारांत नराचे नाक प्रौढपणीही गुलाबी-जांभळेच राहते, कारण निळेपणाला लागणारे गडद रंगद्रव्य त्यांच्यात पुरेसे नसते. तेथे निळ्या नाकाची वाट पाहणारा मालक आयुष्यभर वाटच पाहील.

स्वभावावरून काढलेले अंदाज पूरक म्हणूनच घ्यावेत. नर अधिक बडबडतो, डोके वरखाली हलवतो, शब्दांची नक्कल लवकर उचलतो. १७२८ शब्दांच्या संग्रहासाठी गिनीज विश्वविक्रमात नोंदला गेलेला कॅलिफोर्नियातील पक नावाचा बजरीगरही नरच होता. मादी लाकूड अधिक कुरतडते आणि तिचा चावा जोरकस असतो. परंतु गप्प नर आणि बोलक्या माद्याही आढळतात.

गुणसूत्रांची साक्ष

खऱ्या लव्ह बर्डच्या बाजारातील बहुतेक प्रकारांत नर-मादी दिसायला सारखेच असल्याने बाह्य खूण मिळत नाही. ओटीपोटाखालची दोन हाडे चाचपून त्यांमधील अंतर पाहण्याची रीत पैदासकारांत आहे, पण ते अंतर वय आणि विणीचा काळ यांनुसार बदलत असल्याने ती चुकते. निश्चित उत्तर गुणसूत्रांतून, म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्य वाहणाऱ्या सूत्रांतून मिळते. माणसात दोन वेगळी लिंगसूत्रे पुरुषात असतात. पक्ष्यांत उलट, मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी, तर नरात झेड-झेड अशी सारखी सूत्रे असतात. दोन्ही सूत्रांवर आढळणाऱ्या एका जनुकाच्या लांबीतील फरक मोजून बहुतेक पक्ष्यांचे लिंग ठरवण्याची पद्धत रिचर्ड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. मुळाशी पेशी असलेले ताजे उपटलेले पीस किंवा रक्ताचा थेंब तिला पुरतो. गळून पडलेले जुने पीस बहुधा चालत नाही.

याच रचनेमुळे काही वेळा प्रयोगशाळेशिवायही उत्तर मिळते. ल्युटिनो रंगाचे जनुक झेड सूत्रावर असते. ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी यांची जोडी लावली, तर मुलीला बापाचे एकच झेड मिळून ती पिवळी निपजते, मुलाला आईचेही झेड मिळून तो हिरवा राहतो. म्हणजे पिसे फुटताच घरट्यातले प्रत्येक पिल्लू नर की मादी हे सांगता येते.

ओळखीचा उपयोग

ही ओळख केवळ नाव ठेवण्यापुरती नसते. जोडीला नर नसतानाही मादी अंडी घालू शकते, आणि कॅल्शियम कमी पडले की अंडे वाटेत अडते. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, कुंथणारी मादी ही तातडीने पशुवैद्याकडे नेण्याची बाब असते. मादी असल्याचे आधी कळलेले असेल, तर राळे-बाजरीच्या जोडीला कोथिंबीर, मेथी आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे चुनखडीयुक्त कवच, पिंजऱ्यात ठेवता येते. अंधारी खोकी आणि लांबलेला प्रकाश टाळून तिची अंड्यांची ओढ आवरता येते. मंडईत आता सहज मिळणारा अॅव्होकॅडो मात्र नर-मादी दोघांनाही विषारी असल्याने पिंजऱ्यापासून दूर ठेवावा.

नराच्या बाबतीत तर नाकाचा रंग रोगाची वर्दी देतो. वर्षानुवर्षे निळे असलेले नाक तपकिरी होऊ लागले, तर ‘हा नर नव्हताच’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात वृषणाची गाठ इस्ट्रोजेन स्रवू लागल्यास असा बदल होतो आणि ही व्याधी बजरीगरांत अनोळखी नाही. त्यामुळे नाकाचा रंग घरी आणल्या दिवशी एकदा पाहून विसरण्याऐवजी अधूनमधून पाहत राहावा, आणि तो बदललेला दिसताच पशुवैद्याला दाखवावा.