शौचाच्या तपासणीतली सोन्याची रेघ



करोनाच्या काळात पट्टीवरची लाल रेघ आपण सर्वांनी पाहिली. तशीच एक पट्टी शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते. अशा बऱ्याच पट्ट्यांवरची लाल रेघ चक्क सोन्याची असते.

सोने पिवळे, मग रेघ लाल कशी? मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सोन्याचे कण काही नॅनोमीटर इतके बारीक केले, की ते पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. जर्मनीतले काचकारागीर सतराव्या शतकातच सोने घालून लाल काच बनवीत. पुढे रिचर्ड झिगमोंडी यांनी येना शहरात झाइस कंपनीच्या सीडेनटोफ यांच्याबरोबर असे सूक्ष्मदर्शक यंत्र बनवले, की त्यातून हे कण चमकत्या ठिपक्यांसारखे दिसू लागले. झिगमोंडी नंतर गोटिंगेनला प्राध्यापक झाले. त्यांना रसायनशास्त्राचे 1925 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टीतल्या सोन्याच्या कणांना मानवी रक्त ओळखणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. नमुन्यात रक्त असेल तर कण त्याला धरतात आणि त्याच्यासह पुढे सरकतात. पुढच्या रेघेवरची प्रतिपिंडे त्यांना अडवतात. तिथे असंख्य कण गोळा झाले, की रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालते आहे एवढेच सांगते. ती उमटली नाही तर तपासणी बाद समजावी.

मी नोकरीत असताना जुन्या तपासणीआधी रुग्णांना तीन दिवस मटण बंद करायला सांगावे लागे, कारण ती मटणातल्या रक्तद्रव्यानेही फसे. शब्बाथच्या जेवणातले मटण सोडायला कोणी सहज तयार होत नसे. नवी तपासणी फक्त माणसाचे रक्त ओळखते, त्यामुळे पथ्य लागत नाही. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात 1 एप्रिल 2017 पासून जुनीच्या जागी नवी तपासणी आली. तिथे नमुना प्रयोगशाळेत यंत्रावर मोजतात, पण तत्त्व प्रतिपिंडांचेच.

आता महत्त्वाचे. रेघ उमटली म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. मूळव्याधीनेही रक्त येते. पण "मूळव्याधच असेल" म्हणून घरी बसू नका. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे पाहणे, हाच पुढचा टप्पा आहे. त्यात सापडलेली लहान गाठ बहुधा त्याच वेळी काढता येते. कर्करोग होण्याआधीच ती निघते, हा मोठा फायदा.

रेघ आली नाही तरी निर्धास्त होऊ नका. गाठीतून रोज रक्त येतेच असे नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या काळाने तपासणी पुन्हा करावी. जठरातले रक्त वाटेतच पचते, त्यामुळे ते या पट्टीला सहसा सापडत नाही. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट झाले तर पट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून चालू औषधांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

नमुना संडासच्या पाण्यात पडू देऊ नका. कोरड्या कागदावर घ्या. लाजण्यासारखे यात काहीच नाही.