चढ, श्वास आणि सायकल

शाळा सुटली की आपल्या मुलींची सायकलही सुटते. चाळिशीत मग बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू होतात.

खुलताबादहून म्हैसमाळ साधारण 12 किलोमीटर. पावसाळ्यातले रविवार सोडले तर पहाटे हा रस्ता शांत असतो. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सुरुवात सपाटीवर करा. चढावर बोलता येईल इतकाच वेग ठेवा. धाप लागली तर उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. छातीत दुखले तर थांबा, लगेच दवाखाना गाठा. शुगरचे औषध घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.

तथागतांचा मध्यम मार्ग शरीरालाही लागू आहे. भगिनींनो, सायकल बाहेर काढा!